बोळकांडीतला दिवा

ता. ४, मंगळवार

धाकटे,

वकीलबाईंचं पत्र पोचलं. अक्षर त्यांचं होतं, पण तिकीट वाकडं लावलेलं, त्यावरून कळलं की पेटीत टाकलंस तूच. लहानपणापासून तुझं तिकीट कधी सरळ बसलं नाही. आत तुझी एक ओळसुद्धा नव्हती. तरी पाकीट मी फेकलं नाही, उकलून त्याच्याच आतल्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. फोन तू माझा उचलत नाहीस, तेव्हा कागदाशिवाय इलाज नाही.

वकीलबाई लिहितात ते मला दुसऱ्यांदा वाचल्यावर उमगलं. ज्यांच्या एका शब्दावर तुझा नवरा तुरुंगात गेला, त्या तुझ्या बाबांना आता काही विचारायची सोय राहिली नाही. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली, वाचाही गेली. म्हणून त्यांच्या आठवणीतच उतरून पाहावं, असं बाईंचं म्हणणं. कायद्याला आता ते चालतं म्हणे. आप्तांपैकी दोघांनी वेगवेगळं उतरायचं, आणि दोघांनी एकच पाहिलं तर ती साक्ष धरतात. आधी मी उतरायचं, मग तू. आपलं जुळलं तर खटला पुन्हा उभा राहील, नाही जुळलं तर तुझ्या नवऱ्याचे केस आतच पांढरे होतील.

हे पत्र बाईही वाचणार असतील तर त्या संध्याकाळचं माझ्या बाजूने एकदा लिहून ठेवते. शीतगृहात काट्यावर माल तोलणारा एक जण होता, सगळे त्याला काटेवाला म्हणायचे. तो थंड खोलीत अडकून गेला. दाराला बाहेरून कडी होती. सकाळी उघडलं तेव्हा तो दाराला टेकून बसलेला सापडला. खोलीसमोरच्या बोळकांडीत तुझ्या बाबांची केबिन, ते तिथले स्टोअरकीपर. तुझा नवरा तिथे मशीन दुरुस्तीला, आणि काटेवाल्याशी त्याचं वाजलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी शपथेवर सांगितलं, जावयाला कडी लावताना मी पाहिलं. तू भर कोर्टात म्हणालीस, "बाबा, माझ्याकडे बघून बोला." त्यांनी बघितलं नाही. त्या दिवसापासून तू आमचा जिना चढली नाहीस.

तू म्हणतेस ते खोटं बोलले. मी तेव्हा जे म्हटलं तेच आज म्हणते. देवापुढे हात जोडल्याशिवाय जो माणूस पाण्याचा घोट घेत नाही, तो देवाचं नाव घेऊन खोटं कशाला बोलेल? मी उतरीन. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. एकदाचं किल्मिष जाऊ दे.

त्यांचं बाकी बरं आहे म्हणायचं. पातळ करून भरवते ते जातं. माझ्या हातून घेतात, सूनबाईच्या हातून घेतात. तुझा दादा चमचा घेऊन बसला की मान भिंतीकडे. आजारात माणूस हट्टी होतो.

दादाला उतरण्याचं सांगितलं तेव्हा तो जेवत होता. म्हणाला, "मढं उकरून काय मिळणार आहे, आई?"

मी म्हटलं, "तुझे बाबा जिवंत आहेत."

"तसं नव्हतं म्हणायचं मला." मग स्वतःचं ताट उचलून स्वतःच घासून ठेवलं. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. जन्मात ज्याने ताट उचललं नाही तो साबण कुठे असतो ते विचारत होता.

कागद संपला. समासात लिहिते: तुझी तब्येत?

आई


ता. ९, रविवार

धाकटे,

काल पहिल्यांदा उतरले. तुला पुढे उतरायचं आहे, म्हणून सगळं सांगून ठेवते.

स्मरणकेंद्र म्हणजे काही तरी मोठं असेल असं मला वाटलं होतं. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एका खाटेवर यांना निजवलं, दुसरीवर मला, मध्ये पडदा. कपाळाला ओला पट्टा बांधतात. खालून दात कोरण्याचा आवाज येत राहतो, त्याची सवय होते. चादर दर माणसामागे बदलतात. धुण्याचं कोण बघतं विचारलं, तर कुणाला माहीत नव्हतं.

शेजारी एक बाई मनगट धरून बसते, तिला सोबतीण म्हणतात. तुझ्याहून लहान असेल. तिला आतलं काही दिसत नाही. आपण बघत जायचं आणि तोंडाने सांगत जायचं, ती टाइप करते. जाण्याआधी तिने एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली, कशाला हात लावायचा नाही. आठवणीत हलवलेली वस्तू हललेलीच राहते, मागाहून कितीही नीट ठेवा, बसत नाही. मी म्हटलं, "बाई गं, वस्तू जागच्या जागी ठेवा हे मी घरात जन्मभर ओरडते आहे." ती हसली नाही. रोज ऐकत असेल.

आत जायला उंबरा लागतो. उंबरा म्हणजे दोघांना सारखीच आठवणारी एखादी गोष्ट. ती दोघांच्या मनात जुळली तर दार उघडतं, नाही तर बसा बाहेर. मी आमचं लग्न सांगितलं. उघडलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोबतीण म्हणाली, "लग्नाचं बहुतेकांचं उघडत नाही, काकू. दुसरं बघा." मग मी कपाट सांगितलं. पहिल्या भाड्याच्या खोलीत लोखंडी कपाट चढवताना ते जिन्याच्या वळणावर अडकलं होतं, हे खालून ढकलत होते आणि मी वरून ओढत होते, आणि दोघांनाही हसू आवरेना. ते चटकन उघडलं.

आत आपण आपणच असतो. चालतो, वास येतो, गार लागतं. समोरच्याच्या मनातलंही ऐकू येतं, शेजारच्या घरात रेडिओ लावावा तसं. मी कपाटाच्या वर स्वतःला शोधलं. माझ्या हातातल्या बांगड्या होत्या, पदर होता, चेहरा नव्हता. पुढेही जिथे जिथे मी आहे तिथे पाठमोरी, ओट्याशी. यांनी संसार केला आणि मला समोरून पाहिलंच नाही. असो. तक्रार म्हणून लिहीत नाही.

तुझा चेहरा मात्र जागोजागी आहे. दुधाच्या दातांचा, परीक्षेच्या निकालाचा, तापाचा. कोर्टातला सगळ्यात मोठा. त्यांनी बघितलं नाही असं आपण समजतो, पण ते बघत होते. हे तुला सांगू की नको, असं रात्रभर चाललं होतं माझं. सांगितलं.

तुझ्या दादाच्या आठवणी आहेत, पण दारं ओढून घेतलेली. एकाही दाराला फट नाही.

एका आठवणीतून दुसरीत जायला खऱ्यासारखाच रस्ता तुडवावा लागतो. शीतगृहाच्या फाटकाशी पोचले आणि सोबतिणीने मनगट दाबलं. वेळ झाली होती. परत आले तेव्हा पडद्यापलीकडे यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सोबतीण म्हणाली, आत कुणी फिरलं की होतं असं.

दादा न्यायला आला होता. रिक्षात म्हणाला, "काय काय दिसलं?"

"कपाट."

"कसलं कपाट?"

"तू जन्मायच्या आधीचं." मग तो रिक्षावाल्याला वळणं सांगत बसला.

बुधवारी पुन्हा जायचं आहे. तुझ्या नवऱ्याला कळव, सासू तिचं काम नीट करते आहे.

आई


ता. १३, गुरुवार

धाकटे,

सांगायचं ते एका दमात सांगते. माझ्या हातून घोटाळा झाला.

काल बोळकांडीपर्यंत पोचले. अरुंद आहे, खाली ओलसर फरशी, टोकाला पिवळा दिवा. डावीकडे यांची केबिन, काचेची खिडकी. हे आत बसून लिहीत होते. समोर थंड खोलीचं जाड दार, त्याच्या खालून धुकं येत होतं. बोळकांडीत कुणी नव्हतं आणि दिवा जळत होता.

तू मला ओळखतेस. रिकाम्या जागी जळणारा दिवा मला बघवत नाही. तुम्ही दोघं अभ्यास सोडून खेळायला पळालात की तुमच्यामागे दिवे मालवत फिरायची मी. परक्याच्या घरी पाहुणी गेले तरी माझा हात बटणावर जातो, तुझे बाबा त्यावरून मला किती बोलले आहेत. तसाच हात गेला. बटण खाली झालं आणि मग लक्षात आलं मी कुठे आहे ते.

काळोख झाला. त्यानंतर पावलं आली, कडी सरकल्याचा आवाज झाला, पावलं गेली. कोण ते दिसलं नाही. बटण पुन्हा वर केलं, खूपदा केलं. दिवा लागला नाही. सोबतीण विचारत होती, "काकू, बोलायच्या का थांबलात? काकू, काय केलंत?"

जबानीत तेच लिहून सही केली आहे. काळोख होता, ओळखता आलं नाही. सोबतिणीने तिच्या साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, वयस्क बायकांकडून असं होतं, कुणी गॅस बंद करतं, कुणी मुलाचं नाक पुसतं. माझ्यावर कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तुला येऊन आता काही दिसेलसं वाटत नाही. एवढा लांबचा प्रवास, खर्च, दगदग. बघ बाई. मी आपलं सुचवलं. तुझ्या नवऱ्याची मी गुन्हेगार आहे, हे मी मान्य करते. पण मुद्दाम कोण करेल असं? सवय ती सवय.

इकडे हवा बदलली आहे. सूनबाईला सर्दी. नळाचा वायसर बदलून घेतला, आता गळत नाही.

आई


ता. २०, गुरुवार

धाकटे,

मंगळवारी तू बाबांच्यात उतरून आलीस आणि केंद्राच्या जिन्यात मला जे बोललीस, ते जसंच्या तसं मांडून बघते आहे. सहा वर्षांनी लेक समोर उभी राहिली आणि मी पहिलं काय विचारलं, तर "काही खाल्लंस का?" तू म्हणालीस, "आई, दिव्याचं बटण कुठे होतं?"

मी म्हटलं, "केबिनच्या पलीकडे."

"म्हणजे केबिन ओलांडून गेलीस. दिव्यासाठी."

"सवय गं."

"तू म्हणतेस बोळकांडीत कुणी नव्हतं. मग दार आतून कोण वाजवत होतं? काळोखात मी तिथे उभी होते, आई. दिसत काही नाही, पण ऐकू येतं. तो वाजवतोय. आधी मुठीने, मग हाताने, मग मला वाटतं नखांनी. तुझ्या जबानीत ते नाही."

"माझं वय झालं, कान..."

"तुझे कान? बिछान्यात पडून तुला नळ ठिबकलेला कळतो."

एवढं बोलून तू गेलीस. मी दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. आत नंबर लावायला आलेल्या एका माणसाने मला विचारलं, फार दुखतंय का?

वकीलबाईंचा निरोप आला. तुझ्या जबानीत दार वाजतं, माझ्या जबानीत वाजत नाही, म्हणजे दोन साक्षी जुळल्या नाहीत. अर्ज पडणार. मी तुला पत्र लिहू नये असं तू त्यांच्याकरवी कळवलंस. मी लिहिते आहे. वाचू नकोस हवं तर.

घरात मात्र सुख आलं आहे, ते कसं सांगू? तुझे बाबा आता दादाच्या हातून खातात. मान फिरवत नाहीत. परवा तो चमचा भरताना काही तरी बोलला आणि हे एका बाजूने हसले, अर्धाच ओठ वर गेला पण हसले. सूनबाई रडायला लागली आनंदाने. रात्री शांत झोपतात. पूर्वी झोपेत डावा हात हलायचा, काही तरी सरकवल्यासारखा, तोही थांबला. डॉक्टर म्हणाले चांगलं लक्षण आहे. मी देवापुढे बसले, आभार मानावेत म्हणून, तर नाव तोंडात येईना. माळ हातात धरून नुसतीच बसले. ओढली तर पुढे जाते, पण कुणाचं नाव घेऊन ओढायची?

मला आता घास जात नाही. दादाच्या ते लक्षात आलं. त्याचं माझ्याकडे फार लक्ष असतं हल्ली. संध्याकाळी कामावरून आला की आधी माझ्याजवळ बसतो. "आई, अजून ते डोळ्यांसमोर येतं का?" मी म्हणते, काळोख डोळ्यांसमोर कसा येणार? तर म्हणतो, "तेच म्हणतो मी. उगाच त्रास करून घेऊ नकोस."

त्याने केंद्रात चौकशी केली. उतरून आलेल्यांना फार त्रास झाला तर ती भेट पुसून मिळते. दुखत नाही. मी तिथे गेले होते, हे कागदावर राहतं, मनातून जातं. वयस्कांसाठी मुलाची सही चालते. त्याने केली आहे. ३१ तारखेचा सोमवार मिळाला आहे.

मी म्हटलं, "मला विचारलंस?"

"तू स्वतःसाठी कधी काही मागितलंस का, आई? तुझ्यासाठी आम्हालाच ठरवावं लागतं."

सूनबाई म्हणाली, "खरंच आहे हो, सासूबाई."

यात वाईट काय आहे, तूच सांग. मुलगा आईची काळजी करतो आहे.

आई


ता. २६, बुधवार

धाकटे,

हे तातडीच्या टपालाने पाठवते आहे. पाकीटही नवीन घेतलं. मागची पत्रं फाडली असशील तर फाड, हे एक वाच.

बोळकांडी रिकामी नव्हती. दिवा जळत होता आणि दिव्याखाली तुझा दादा उभा होता.

त्याने कडी लावली. लावून केबिनच्या काचेकडे वळला आणि बाबांना बघून हसला, लहानपणी तुझी चप्पल लपवल्यावर हसायचा तसा. तोंडावर बोट ठेवलं. तो जीव घ्यायला उभा नव्हता. आई म्हणून नाही, पाहिलं म्हणून सांगते. काटेवाला सगळ्यांसमोर त्याला काही तरी बोलला होता, थोडा वेळ गारठवावा, मस्ती जिरवावी, एवढंच. मग बाहेरून कुणी तरी ओरडलं की गाडी भरली, आणि तो तेव्हा तिथल्या मालाची गाडी चालवायचा, तो गाडी घेऊन गेला. वाटेत गाडी बंद पडली, ते तुला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत होतं. त्या गाडीचा आणि त्या कडीचा संबंध तेवढा कुणी लावला नाही.

तुझे बाबा केबिनमध्ये. आतून दार वाजायला लागलं, तू ऐकलंस तसंच. त्यांनी पेन ठेवलं. उठले. दारापर्यंत आले आणि परत जाऊन बसले. त्यांच्या मनातलं मला ऐकू येत होतं. येईलच आता थोरला, उघडेल, पोरांच्या भांडणात आपण कशाला पडा. मग कामाची वेळ संपली आणि ते टोपी घालून घरी आले. मी त्या संध्याकाळी त्यांना चहा दिला होता गं. दोन घोट घेऊन ठेवून दिला होता, मी विचारलं साखर कमी पडली का?

सकाळी जे व्हायचं ते होऊन बसलं होतं. मग मुलगा राखायला त्यांनी जावई दिला. मुलगा आपला, जावई दुसऱ्याचा, असा साधा व्यवहार केला. व्यवहारात मधे तू आहेस, हे कोर्टात तुला समोर बघेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

आता माझं. मी बटणाजवळ उभी होते ती दिव्याकडे गेले म्हणून नाही. दादाचा चेहरा दिसला आणि मी मागे सरकत गेले, पाठ भिंतीला लागली, बटण हाताशी आलं. सोबतीण कानाशी सांगत होती, "बोला काकू, कोण दिसतंय?" बाबा टोपी घालून निघेपर्यंत मी तशीच उभी होते, मग दाबलं. माझ्यामागून उतरून तू तो चेहरा पाहू नयेस म्हणून दाबलं. हाताला माहीत होतं हात काय करतोय.

आणि दार वाजत होतं. कडी माझ्यापासून बटणाइतकीच जवळ होती. नियम मोडायचाच होता तर कडी काढता आली असती. खऱ्यात काही बदललं नसतं, तो बिचारा गेला तो गेलाच. पण यांच्या डोक्यात तो इतकी वर्षं दार वाजवतो आहे, तिथून तरी बाहेर आला असता. मला ते सुचलंसुद्धा नाही. मला माझं पोर झाकायचं सुचलं. त्याचीही आई असेल, हे मला घरी आल्यावर, भांडी घासताना सुचलं. यांच्या मनात आता काय उरलं आहे ते बघ, आवाज आहे आणि चेहरा नाही. कोण ते माहीत नाही म्हणून हे दादाकडे बघून हसतात. ते सुख मी त्यांना दिलं. त्याने माझी झोप गेली.

वकीलबाईंना विचारलं, मी आता उलट लिहून दिलं तर चालेल का? नाही म्हणाल्या. एकदा सही केलेल्या माणसाचा फिरलेला शब्द धरत नाहीत. पण माझ्या आठवणीत दुसरे उतरू शकतात. बुधवारची ती बोळकांडी माझ्यात आहे, दिव्यासकट, मी कुणाला हात लावू दिलेला नाही. तू उतर आणि तुझी मावशी उतरेल. तिला निरोप गेला आहे, रविवारी येते आहे. नेहमीसारखी आधी भांडेल, मग उतरेल. वकीलबाईंनी शनिवारची वेळ तुझ्यासाठी घेतली आहे. सोमवारी माझ्यातलं पुसायचं ठरलं आहे आणि सही दादाच्या हातात आहे, हे विसरू नकोस.

त्याला मी आज सकाळी सांगितलं. पाठीमागे काही करायचं नाही, असं ठरवलं. तो यांची नखं कापत होता.

मी म्हटलं, "सोमवारचं रद्द कर."

"का?"

"धाकटी माझ्यात उतरणार आहे."

त्याने हातातलं बोट पूर्ण केलं. मग म्हणाला, "तू तर म्हणालीस काळोख होता."

"यांच्यात आहे. माझ्यात नाही."

यांचा हात त्याच्या हातात होता आणि हे त्याच्याकडे बघून हसत होते. तो म्हणाला, "गाडी बंद पडली होती, आई. मी चालत निघालो होतो. रस्त्यात एक दिवा नव्हता. कुणाला पटणार आहे?"

"मला पटलं. तू मारायला गेला नव्हतास. तू हसलास, ते मी पाहिलं."

"मी हसलो होतो?"

"बाबांकडे बघून."

त्याने नेलकटर खाली ठेवलं. "मला मी हसलेला आठवत नाही," म्हणाला. "मला फक्त ओरडलेलं आठवतं, गाडी भरली म्हणून." मग विचारलं, "तू माझी आई नाहीस का?"

मी म्हटलं, "आहे. म्हणून आधी तुला सांगितलं."

नखं कागदात गुंडाळून त्याने टाकून दिली, हात धुतले आणि गेला. डबा ओट्यावरच आहे. सूनबाई विचारते आहे काय झालं, मी सांगितलेलं नाही. तिला दिवस गेले आहेत, चौथा महिना लागला आहे. हे तुला माहीत नसेल. तो परत येईल, की कुठे निघून जाईल, की सोमवारी माझा हात धरून मला त्या खाटेवर नेईल, मला सांगता येत नाही. माझ्याच पोटचा आहे आणि मला सांगता येत नाही.

जावईबापूंना माझा निरोप दे. काय निरोप द्यायचा ते तूच ठरव.

आता उंबऱ्याचं. तो आपल्या दोघींचा लागेल, आणि तो शोधण्यात माझी आजची दुपार गेली. तुझ्या शाळेचा पहिला दिवस धरला होता. पण तू म्हणतेस त्या दिवशी मी रडले आणि मी म्हणते तू रडलीस, ते दार उघडायचं नाही. तुझ्या लग्नाचं धरायला भीती वाटते. मग एक सापडलं. किल्ली कुलपात मोडली होती आणि आपण दोघी बंद घराबाहेर जिन्यात बसलो होतो, एकच वर्तमानपत्र दोघींना बसायला. तू मला शीळ घालायला शिकवत होतीस. माझ्या तोंडून नुसती हवा येत होती, तू माझे गाल धरून ओठांचा चंबू करून दाखवत होतीस, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी डोकावून विचारलं होतं, कुकर लावलाय का कुणी?

तुझ्या अंगात निळा फ्रॉक होता असं मला आठवतं. तुला दुसरा रंग आठवत असेल तरी ये. शनिवारी, दातांच्या दवाखान्याच्या वर. मी आधी जाऊन खाटेवर पडून राहीन.

आई